उरलेल्या तुकड्यांचे काय करायचे?



बहुतेक घरांत एक डबा असतो. मुले मोठी झाली तरी तो कोणी टाकत नाही. माळेगावच्या जत्रेतून आणलेल्या मोटारीचे चाक, एका प्लास्टिकच्या सैनिकाचा हात, दुसऱ्याचे धड, तिसऱ्याची बंदूक, असे काहीबाही त्यात असते. एकही वस्तू पूर्ण नसते आणि एकही टाकवत नाही. हा प्रश्न घर आवरण्याचा वाटतो. पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न आहे, आणि नीतीचाही. त्यावर आज थोडा विचार करू या.

हातपाय हलवता येणाऱ्या अशा सैनिकांना ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली ‘जी. आय. ज्यो’ हा सैनिक बाजारात आणताना हे नाव रूढ केले. ‘बाहुली’ म्हटले तर मुलगे ती हातात धरणार नाहीत, अशी धास्ती होती! १९८२ पासून हा सैनिक पावणेचार इंचांचा झाला आणि पुढे फनस्कूल कंपनीने तो भारतातही तयार केला. त्याच्या पोटात एक रबरी कडी असते. धड आणि पाय तीच एकत्र धरून ठेवते. काही वर्षांनी रबर वाळते, कडी तुटते आणि सैनिकाचे दोन भाग होतात. लहानपणी त्यांच्याशी खेळलेली माणसे आज मोठेपणी हे सैनिक जमवतात. त्यांच्याकडे सबंध सैनिकांबरोबर सुट्या भागांचाही ढीग साठतो. तीन मोडक्यांतून एक सबंध करायचा, हा त्यांचा नेहमीचा उद्योग.

असा जुळवलेला सैनिक खरा म्हणायचा का? ग्रीक लेखक प्लुटार्क याने थिसियसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपले. फळी कुजली की नवी बसवली. असे करत गेल्यावर जहाज तेच राहिले का, यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले. इंग्लिश तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज याने १६५५ साली प्रश्न आणखी अवघड केला. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरे जहाज उभे केले, तर खरे कोणते? आपल्या शेतकऱ्याला हा पेच नवा नाही. बैलगाडीची चाके बदलली, जू बदलले, तरी गाडी आजोबांचीच राहते.

तत्त्वज्ञांचा वाद संपणारा नाही. नीतीचे उत्तर मात्र सोपे आहे. तुकडे जोडून वस्तू उभी करणे हे चांगलेच काम आहे. ती विकताना किंवा बदल्यात देताना जोड लपवला, तर ती फसवणूक होते. जुनी मोटारसायकल असो, दुरुस्त केलेला मोबाइल असो की प्लास्टिकचा सैनिक, घेणाऱ्याला खरे सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे.

दुसरा प्रश्न असा, की ‘पूर्ण’ म्हणजे काय, हे ठरवले कोणी? अमेरिकेत त्या सैनिकांच्या पाकिटामागे मालिकेतल्या इतर सैनिकांची चित्रे छापलेली असत. एक हाती आला की बाकीचे आपल्याकडे नाहीत, हे मुलाला लगेच कळे. ही उणीव त्याच्या मनात विकणाऱ्याने पेरलेली होती. आपल्या नाताळच्या गोठ्याचेच पाहा. तीन राजांपैकी एक फुटला, तर संच अपुरा वाटतो. पण मत्तयच्या शुभवर्तमानात त्या ज्ञानी लोकांची संख्या दिलेलीच नाही. भेटवस्तू तीन, म्हणून परंपरेने माणसेही तीन धरली. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी गोठा मांडला, तेव्हा तेथे गवताची गव्हाण, बैल आणि गाढव होते. मूर्तींच्या संचावाचून तेथील भक्ती अडली नाही.

मग उरलेले तुकडे टाकून द्यावेत का? तसेही नाही. कोंडापल्लीची लाकडी खेळणी आंध्रात प्रसिद्ध आहेत. तेथे अवयव वेगवेगळे कोरतात, आणि लाकडाचा भुसा चिंचोक्याच्या खळीत कालवून त्याच लगद्याने ते जोडतात. जो केर म्हणून गेला असता, तोच जोडणारा झाला. पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) दिवे, अडकित्ते, भांडी, बाहुल्या अशा साध्या घरगुती वस्तू जमवल्या. त्यांचा संग्रह वीस हजारांच्या पुढे गेला. बालपणीच वारलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले आणि पुढे सारे राज्य सरकारच्या स्वाधीन केले. त्यांचा संग्रह अखेर लोकांसाठी खुला झाला. आपल्या डब्यालाही हीच कसोटी लावावी. ‘कधीतरी लागेल’ म्हणून वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली वस्तू आपल्या उपयोगी पडत नाही आणि दुसऱ्याच्याही नाही. तिचा जोड लागत असेल तर जोडावी, ज्याला लागेल त्याला द्यावी. दोन्ही शक्य नसेल तर शांत मनाने निरोप द्यावा.

येथपर्यंत वस्तूंचा न्याय झाला. हाच न्याय माणसाला लावला, की अन्याय सुरू होतो. वस्तू सुट्या भागांसाठी मोडता येते. माणूस येत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली हेच मांडले: माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, कारण माणूस स्वतःच साध्य आहे. आपण श्रद्धेने म्हणतो, की तो देवाच्या प्रतिमेत घडला आहे. मात्र व्यवहारात काय होते? हंगामात कमावती माणसे बाहेरगावी जातात आणि मागे म्हातारे आईवडील उरतात. अपघातात हात गमावलेला भाऊ ‘आता कशाचा’ ठरतो. नवरा वारलेल्या सुनेला घरात जागा कोणती, हे ठरता ठरत नाही. आपण त्यांना टाकत नाही, हे खरे. पण डब्यातल्या तुकड्यांसारखे कोपऱ्यात ठेवतो आणि त्यालाच सांभाळणे म्हणतो. कोणत्याही संचात बसत नसला, तरी माणूस अपुरा नसतो. त्याला कामापुरते नव्हे, तर नावाने हाक मारणारे कोणीतरी हवे असते.

आपल्या चर्चच्या कपाटातही गोठ्याच्या जुन्या मूर्ती आहेत: हात गेलेला मेंढपाळ, तीन पायांचे मेंढरू. आशीर्वादित वस्तू दुरुस्त होण्यापलीकडे गेली, तर ती आदराने जाळावी किंवा पुरावी, अशी आपली प्रथा आहे. जी दुरुस्त होईल, ती मुलांनी मोठ्यांच्या मदतीने जोडावी आणि जोड दिसला तरी गोठ्यात पुढेच मांडावी. घरातला डबाही मुलांबरोबर बसून उघडा. आणि त्या दिवशी घराच्या कोपऱ्यात जे माणूस बसले आहे, त्यालाही त्या कामात बोलवा. काय कशाला जोडायचे, हे बहुधा त्यालाच ठाऊक असेल.