बियाणं की जमीन

सोयाबीन उगवलं नाही की वाशीमच्या शिवारात वाद ठरलेला: बियाणं खोटं होतं की जमीन? त्याच गावातल्या खुडूक कोंबडीखाली २१ दिवस हाच प्रश्न सुटत असतो, आणि त्याचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं.

कोंबडीला पोटं दोन. पहिल्यात पाचकरस झिरपतो. दुसरं म्हणजे पेटा, तो दाणे भरडतो. पेटा साफ करताना जी पिवळी, चिवट साल सोलून काढतात ती त्याच्या अस्तरातूनच पाझरलेली असते. भ्रूणात मात्र ही दोन्ही पोटं एकाच नळीचे लागून असलेले भाग, आणि आतलं अस्तर आधी सगळीकडे सारखंच दिसतं. मग रसाच्या ग्रंथी कुठे उमलाव्यात, हे ठरवतं कोण?

जपानमध्ये ताकेओ मिझुनो आणि सादाओ यासुगी यांनी कोवळ्या भ्रूणातल्या पेट्याचं अस्तर सोडवून पहिल्या पोटाच्या बाहेरच्या थरावर ठेवलं. त्यात ग्रंथी तयार झाल्या, पाचकरसातलं पेप्सिनोजेन हे प्रथिनही बनू लागलं. उलट, पहिल्या पोटाचं अस्तर पेट्याच्या थरावर ठेवलं तर ते बनेना. म्हणजे पेट्याच्या अस्तराच्या अंगी ही कुवत होतीच. त्याच्या शेजाऱ्याने, म्हणजे बाहेरच्या थराने, ती दाबून ठेवली होती.

इथे थांबलो तर जमीन जिंकली असं वाटेल. पण आतड्याचं अस्तर पहिल्या पोटाच्या त्याच थरावर ठेवलं तर ते पेप्सिनोजेन बनवत नाही. जठराच्या भागात सॉक्स-२ आणि आतड्यात सीडीएक्स-ए ही जनुकं लवकरच जागी झालेली असतात. तिथे बियाण्याने आपलं ठरवलेलं असतं. शिवाय बाहेरच्या थराची घडण सुरू होते तीच मुळी अस्तरातून सुटणाऱ्या ‘सोनिक हेजहॉग’ नावाच्या प्रथिनाच्या हाकेने. या शेतात बियाणंही जमीन घडवतं.

एडिंबरात भ्रूणशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांच्या हाताखाली शिकलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणावरच्या संशोधनाची परंपरा उभी केली. असे प्रयोग आपल्या मातीतही होऊ शकतात, हे त्यामुळे सिद्ध झालं. तरीही मूल बिघडलं की आपण अजून रक्ताला किंवा संगतीला एकट्यालाच दोष देतो. कोणत्या वयात, कोणाच्या शेजारी, आणि तोवर आत काय ठरून गेलं होतं, हे कुणी विचारत नाही.