दोष कोणाच्या पदरी?

एखादे काम बिघडले म्हणजे माणसाचे बोट आधी बाहेर वळते. भाकरी करपली तर जाळ जास्त होता, अक्षर वाईट आले तर टाक चांगला नव्हता, आणि कीर्तन रंगले नाही तर श्रोते रसिक नव्हते! यांपैकी शेवटचे निमित्त आम्ही स्वतः पुष्कळदा वापरले आहे, म्हणून ते खात्रीने सांगतो. दोष साधनाचा, ते चालवणाऱ्याचा, की चालवायला सांगणाऱ्याचा, हा प्रश्न पाठशाळेत असताना आम्ही व्याकरणाच्या अंगाने शिकलो होतो. तो अंगी लागला मात्र गेल्या वर्षी, एका पितळी लेखणीपायी. ती हकीकत वाचकांपुढे ठेवतो.

आमच्याजवळ बारा वर्षे राहून कीर्तन शिकलेल्या एका विद्यार्थ्याला निरोपाच्या वेळी काही द्यावे असे मनात होते. बाजारात लेखण्यांना तोटा नाही. पण हाताने घडवलेली, त्याच्याचसाठी केलेली, अंगावर ‘गुरुप्रसाद’ एवढीच अक्षरे असलेली धातूची शाईची लेखणी द्यावी असे ठरले. शहरात भांडीवाल्यांच्या आळीत एक तिशीतला कारागीर अशा लेखण्या मागणीप्रमाणे करून देतो असे कळले. त्याच्याकडे गेलो. अक्षरे आमच्याच हातची हवीत म्हणून तिथल्या तिथे कागदावर लिहून दिली, आणि बजावले, “ह्याच्याबाहेर केसभरही जायचं नाही, बरं का!” काम कसे चालते याचे कुतूहल होते, म्हणून दोन दुपारी त्याच्या दुकानात बसलो.

आधी पितळेचा भरीव गज लेथवर धरून त्याला गोलाई व निमुळतेपणा देतात, आतून पोखरून नळी करतात, टोपणासाठी व निबेच्या भागासाठी आटे पाडतात. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिलाफ. कातायच्या पितळेत थोडे शिसेही असते, त्यामुळे कीस तुटून पडतो. मग ती नळी अशी घासून घ्यायची की बोटाचा तेलकट ठसासुद्धा राहू नये, कारण जिथे ठसा तिथे रोगण धरत नाही. तिच्यावर मेण आणि डांबर यांचे काळे रोगण चढवायचे. ते सुकले की अक्षरांच्या कागदाच्या पाठीला खडू घासून तो नळीवर गुंडाळायचा आणि वरून गिरवायचे. काळ्यावर पांढरी रेघ उठते. त्या रेघेवरचे रोगण सुईने खरवडून काढायचे, नळीची तोंडे बंद करायची, आणि ती फेरिक क्लोराइडच्या द्रावणात सोडायची. कारागीर त्याला ॲसिडच म्हणतो; खरे पाहता ते लोहाच्या एका क्षाराचे पाणी. रंगाने पिवळसर तपकिरी, पण तांबे खाऊ लागले की हळूहळू हिरवट होते. बुडबुडे नाहीत, धूर नाही, आवाज नाही. गाळ रेघांत बसू नये म्हणून मधूनमधून नळी फिरवायची, एवढेच. पाऊण तासाने बाहेर काढून खायच्या सोड्याच्या पाण्यात धुतली आणि टर्पेंटाइनने रोगण उतरवले, की अक्षरे खोल गेलेली आणि झाकलेले पितळ जसेच्या तसे!

आम्ही म्हटलं, “सगळी करामत ह्या पाण्याची.” तो हसून म्हणाला, “पाण्याला काय कळतंय, महाराज? उघडं दिसेल तिथं ते खातं. आपलं काम झाकायचं.”

युरोपात ही विद्या आधी चिलखतांवर नक्षी उमटवण्यासाठी वापरीत. आल्ब्रेख्ट ड्यूररने १५१५ ते १५१८ या काळात लोखंडी पत्र्यांवर आम्लाने चित्रे उठवून त्यांचे ठसे काढले. आम्हांला मात्र तिथे बसल्या बसल्या दुसरीच गंमत सुचत होती. जे क्षरत नाही ते अक्षर, असे आम्ही जन्मभर सांगत आलो. इथे तर धातूचे क्षरण झाल्यावाचून अक्षर उमटतच नाही! ‘लिख्’ याचा जुना अर्थही ओरखडणे असाच आहे. शिवाय, गेलेला धातू परत येत नाही. जाड पत्र्यावरची चूक घासून आणि मागून ठोकून सपाट करता येते. लेखणीच्या पातळ नळीला ते सोसत नाही. आणि हे द्रावण नुसते खाली खात नाही, रोगणाच्या कडेखाली बाजूलाही थोडे शिरते. त्यामुळे बारीक रेघ जराशी रुंदावते, दोन रेघांमधली फट कधी मिटूनही जाते. ही शेवटची गोष्ट आम्ही नीट ध्यानात ठेवली, आणि पुढे तिचाच आडोसा घेतला.

निरोपाच्या दिवशी विद्यार्थ्याच्या घरी चाळीसएक मंडळी जमली होती. कारागीर स्वतः लेखणी फडक्यात गुंडाळून घेऊन आला. आम्ही ती सर्वांदेखत उलगडली, चष्मा लावला आणि पाहतो तो ‘गुरूप्रसाद’! ‘रु’च्या जागी शेपटी फिरवलेला ‘रू’. मराठीत सुटा ‘गुरू’ दीर्घ लिहितात हे खरे. पण समासात तो ह्रस्वच राहतो. ज्याने उभे आयुष्य मुलांचे ह्रस्वदीर्घ तपासले, त्याच्या हातून जाणाऱ्या प्रसादावरच अशुद्ध! आमचे डोके फिरले. मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात आम्ही म्हणालो, “तुम्हां लोकांना पितळ कळतं, अक्षर कळत नाही.” दोघेचौघे हसलेदेखील. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, “दुसरी करून देतो, महाराज.” पाणी घेतले आणि निघून गेला.

रात्री ते फडके घडी करू लागलो तेव्हा आतून एक कागद पडला. मागच्या अंगाला खडू लागलेला, पुढे आमचे हस्ताक्षर. दिव्याजवळ धरला. ‘रू’ आमचाच होता! शेपटी चांगली ठसठशीत, रोजच्या मराठी लिहिण्याच्या सवयीने ओढलेली. तरी मन पाहा कसे असते! कागद हातात असतानाही पहिला विचार आला की, पाण्याने बाजूला खाल्ले नसते तर कदाचित ती शेपटी इतकी दिसली नसती!

पाणिनीने कर्त्याची खूण स्वातंत्र्य ही सांगितली, आणि क्रिया सिद्ध व्हायला जे सर्वांत अधिक उपयोगी पडते त्याला करण म्हटले. पण बोलताना आपण करणालाही कर्ता करतो. कुऱ्हाड चांगली तोडते, हे पातेले लवकर शिजवते, असे म्हणतो. वैयाकरण त्याला हरकत घेत नाहीत. ते म्हणतात, ही बोलणाऱ्याची विवक्षा, कोणाला कर्ता म्हणायचे ही त्याची इच्छा. व्याकरणात ही मोकळीक शोभते. दोष वाटायच्या वेळी तीच मोकळीक घेतली तर तिला पळवाट म्हणतात. आम्ही काय केले ते पाहा. काम सांगताना ‘केसभरही बाहेर जायचं नाही’ म्हणून त्या माणसाचे स्वातंत्र्य आम्ही काढून घेतले, म्हणजे त्याला करण केले. काम बिघडल्यावर मात्र त्याला मोठ्या सन्मानाने कर्तेपण बहाल केले! वस्तू साधली असती तर लोकांना सांगितले असते की अक्षर आमचे आहे.

हा रोग नवा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत राजाने दानाचा लेख पटावर किंवा ताम्रपटावर करून द्यावा असे सांगितले आहे. असे ताम्रपट पुष्कळ सापडले असून, कित्येकांच्या शेवटी मजकूर लिहिणारा आणि तो कोरणारा यांची नावे वेगळी दिलेली असतात. ही पद्धत आम्हांला फार न्यायाची वाटते. तरीदेखील वाचताना अशुद्ध आढळले की कोरणाऱ्याचा प्रमाद म्हणून पुढे जायची पंडितांना सवय असते. त्यांतल्या काही चुका तरी लिहून देणाऱ्याच्या असणार. पण त्याचा कागद उरलेला नसतो. आमचा कागद उरला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, हात जोडले, दोन्ही लेखण्यांचे पैसे पुढे ठेवले. तो अवघडून गेला. आम्ही विचारलं, “अरे, करताना तुला शंका आली नाही?” म्हणाला, “आली होती. पण तुम्ही शिकलेले, तुमचं अक्षर मी कसं बदलणार? आणि केसभर हलायचं नाही म्हणाला होता.” “मग काल कागद का नाही दाखवलास?” यावर तो जरा थांबला. “चारचौघांत तुमचं कशाला काढायचं, महाराज?”

त्या दुपारचे त्याचे वाक्य आठवले. उघडं दिसेल तिथं ते खातं, आपलं काम झाकायचं. ज्याला अक्षर कळत नाही म्हणून आम्ही हिणवले, त्याने चाळीस माणसांत आमची लाज झाकली होती. आणि आम्ही त्याचे उघडे मन बघून तिथेच तेजाब ओतले होते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मन काही निवेना. अपमान चाळिसांदेखत आणि क्षमा एकट्यात, हा हिशेब जुळत नव्हता. ज्यांनी ते वाक्य ऐकले त्यांच्या मनात तो तरुण अजून चुकारच होता; त्याला उद्या येणारे काम त्यांच्याच ओळखीतून यायचे. आम्ही मागितलेल्या क्षमेने आमचे ओझे उतरले, त्याचे नाही. पुढच्या एकादशीच्या कीर्तनात सांगायचे ठरवले, जमले नाही. त्याच्या पुढच्या एकादशीलाही शब्द ओठांपर्यंत येऊन फिरले. तिसऱ्या वेळी सांगितले. पण त्या दिवशीच्या मंडळींपैकी सातआठच समोर होती. बाकीच्यांच्या घरी हे मासिक जाते, म्हणून हे लिहिले.

नवी लेखणी विद्यार्थ्याकडे गेली. ‘रू’ची आमच्याकडे आहे, आणि हा लेख तिनेच लिहिला आहे. लिहिताना अंगठा नेमका त्या शेपटीवर येतो. ती पुसता येत नाही, आणि आता पुसावीशी वाटतही नाही. कोणाला रागे भरायची वेळ आली की आम्ही आधी अंगठ्याने ते अक्षर चाचपून पाहतो. वाचकांना एवढीच विनंती, की कोणाच्या कामाला नाव ठेवण्यापूर्वी आपण लिहून दिलेला कागद एकदा दिव्याजवळ धरून पाहावा.