हॉलमधला वाघ

2020 च्या लॉकडाऊनमध्ये अकोल्यात आमच्या हॉलमध्ये वाघ आला होता. तुमच्याकडेही आला असेल. गुगलवर ‘टायगर’ टाकायचं, थ्रीडीचं बटण दाबायचं आणि फोन फरशीकडे धरायचा. सोफा आणि टीपॉयच्या मधे वाघ उभा! आजीनं चष्मा सावरून पाहिलं. “लय खरा दिसते बापा!” म्हणाली. आम्ही त्याच्याशेजारी बसून फोटो काढले. कंटाळा आला तेव्हा टॅब बंद केला.

पुढे एका बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर रात्र काढली. पाणवठ्याजवळ गप्प बसायचं आणि चांदण्यात जे प्राणी दिसतील ते कागदावर लिहायचे. रानडुकरं आली. मग एक सांबर आलं. पाण्याला तोंड न लावता बराच वेळ कान टवकारून अंधाराकडे बघत राहिलं आणि तसंच परत गेलं. वाघ काही आला नाही.

तरी आज आठवतो तो न आलेलाच वाघ. हॉलमध्ये आलेल्या वाघाचे फोटो कुठल्या फोनमध्ये राहिले तेही आठवत नाही. असं का व्हावं?

मेळघाट 1973-74 मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. त्याच सुमारास, 1974 मध्ये, रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञानं एक प्रश्न विचारला होता. समजा, हवा तो अनुभव देणारं एक यंत्र आहे आणि त्यात शिरल्यावर सगळं खरंच वाटतं. तुम्ही कायमचे त्यात शिराल का? नोझिकचं म्हणणं, आपण शिरणार नाही. कारण आपल्याला नुसतं वाटायला नको असतं, प्रत्यक्ष करायचं आणि असायचं असतं.

मला हे उत्तर पटतं, पण पुरत नाही. ग्राफिक्स सुधारत जाणार. उद्या व्हीआर चष्म्यात ते सांबरही दिसेल, कानांसकट. तरीही एक फरक राहील. हॉलमधला वाघ माझ्यासाठी आला होता. मी बोलावलं की येणार, घालवलं की जाणार. मेळघाटातला वाघ त्याच्या कामानं हिंडतो, मी मचाणावर आहे की नाही यानं त्याचं काही अडत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं, त्याच्याशीच आपलं नातं होऊ शकतं. बाकीची सगळी आपली खेळणी.

दुसरा फरक जास्त टोचणारा आहे. खरा वाघ किंमत मागतो आणि ती आपण भरत नाही. बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावं वाघासाठी मेळघाटातून उठली आणि खाली अकोट तालुक्यात आली. पुढे आणखी गावं उठली. जानेवारी 2019 मध्ये पुनर्वसन झालेले काही गावकरी, दिलेली आश्वासनं पाळली नाहीत म्हणत, जंगलात परत गेले. तिथे त्यांचा वनखात्याच्या आणि पोलिसांच्या माणसांशी संघर्ष झाला, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. आम्ही शहरातले मात्र 29 जुलैला व्याघ्रदिनाचं स्टेटस ठेवतो आणि वाघावर प्रेम केल्याचं समाधान मिळवतो.

आभासी जंगलाबद्दल माझी खरी तक्रार इथे आहे. त्यामुळे आपण घरात बसून राहतो, ही जुनीच कुरकुर झाली. पण त्या जंगलात गाव नसतं, मोहफुलं वेचणारी बाई नसते, सातबारा नसतो. जंगल फुकट मिळतं असं ते आपल्याला शिकवतं. मग खऱ्या जंगलाकडेही आपण त्याच नजरेनं बघू लागतो: वाघ दिसला तर पैसे वसूल, नाही तर सफारी फ्लॉप.

स्क्रीन वाईटच, असं मी म्हणणार नाही. सफारीचे पैसे परवडत नाहीत अशा पोराला वाघ पहिल्यांदा फोनवरच दिसतो. खुद्द वाघांची मोजणीही आता कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंतले पट्टे ताडून होते. माझ्या आजीनं आयुष्यात पाहिलेला इतका जवळचा वाघ तोच. तिचा तो आनंद खोटा नव्हता.

पण नातं फोटोपुरतं नसतं. वान नदी मेळघाटच्या डोंगरातून उतरते आणि वारीजवळ धरणात अडते. तेच पाणी अकोट-तेल्हाऱ्याच्या नळाला येतं. त्या घरांतल्या कित्येकांनी वाघ कधीच पाहिला नसेल, तरी ते जंगल रोज त्यांच्या पेल्यात असतं. म्हणजे आपण घेतो आहोतच. पुनर्वसन झालेल्या गावात जमीन मिळाली का, शाळा चालते का, दवाखाना आहे का, हे विचारत राहणं हा परतफेडीचा पहिला हप्ता असू शकतो. त्या स्टेटसला लाइक कमी येतील.

आजी अजून कधीतरी विचारते, “तो वाघ कुठी गेला रे?” मी म्हणतो, बंद केला. मेळघाटातल्याबद्दल मात्र असं म्हणायची वेळ येऊ नये.