खडकाखालचा सोबती

वाचन : १ शमुवेल १४:१-१४



तुंगभद्रेच्या काठी हंपीला हिवाळ्यात तरुण मंडळी ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर चढायला येतात. दोर नाही, खिळा नाही. खडक फार उंच नसतो, चढण मात्र कोड्यासारखी. म्हणून अशा वाटेला ते ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. ऊन तापले की घामाने बोटे निसटतात, यास्तव सकाळीच सुरुवात. हाताला पांढरी पूड, खाली जाड गादी. एकाच प्रॉब्लेमवरून दहा वेळा पडून अकराव्यांदा माथा गाठला, तर दिवस सार्थकी लागला असे मानतात. बोटांची साले गेलेली, तरी चेहरे आनंदी!

परंतु माझे लक्ष गादीजवळ हात वर करून उभ्या असलेल्या सोबत्याकडे जाते. पडणाऱ्याला तो झेलत नाही. त्याचे डोके खडकावर आपटू नये, तो गादीवरच यावा, एवढे पाहतो. त्यासाठी नजर क्षणभरही हलवून चालत नाही.

योनाथान मिखमाशाजवळच्या सुळक्यावर हातापायांनी चढला, तेव्हा त्याचा शस्त्रवाहक सोबतीचा शब्द देऊन मागोमाग चढला. त्याचे नाव शास्त्रात नाही.

आपल्या मंडळीत कोणी पडला, व्यसनात म्हणा, परीक्षेत म्हणा, की बातमी घरोघर पोहोचते. (प्रार्थनेचा विषय म्हणून!) तो मात्र पुढच्या रविवारी येत नाही. हे आधी कोणाच्या लक्षात येते? मुलांच्या बाबतीत बहुधा शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या. शिक्षकहो, हजेरीपट उघडा. सलग तीन रविवार ज्याच्या नावापुढे फुली आहे, त्याच्या घरी या आठवड्यात जाऊन या.