औषध, ससा आणि जीवदया

छत्रपती संभाजीनगरातील शहागंजच्या घड्याळ-मनोऱ्यापासून बाजाराच्या गर्दीतून एखादा वासनिक आजारी मातेसाठी औषध घेऊन निघतो. पाणी गाळून पिणारा, मुंगीवर पाऊल पडू नये म्हणून जपणारा असा तो. परंतु हातातील ती कुपी कोणत्या जीवांना पीडा देऊन सिद्ध झाली, हा विचार त्याच्या मनात क्वचितच येतो. शिरेतून द्यावयाच्या द्रवात ताप आणणारे द्रव्य आहे काय, हे पाहण्यासाठी तो द्रव सशाच्या कानातील शिरेत टोचून त्याचा ताप मोजण्याची रीत औषधनिर्मितीत दीर्घकाळ होती.

सशाचे नाव निघताच लीळाचरित्रातील ससा आठवतो. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा तो जीव सर्वज्ञांच्या जानूखाली शिरला आणि अभय पावला. तेथे एका बाजूस ससा व दुसऱ्या बाजूस पारध्यांची हौस होती. प्रयोगशाळेत मात्र सशासमोर रोगी माता उभी असते. मग येथे धर्म कोणता?

प्राणिप्रयोग सर्वस्वी निष्फळ होत, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. मुंबईतील प्लेगाच्या काळी वाल्डेमार हाफकिन यांनी लस सिद्ध केली, ती आधी सशांवर पाहिली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या देहात टोचून घेतली. सर्पदंशावरील प्रतिविषही घोड्यांच्या रक्तापासून होते, आणि त्याने कित्येक शेतकऱ्यांचे प्राण वाचले आहेत.

तथापि काही प्रयोग उपयोगी ठरले, एवढ्यावरून प्रत्येक प्रयोग आवश्यक ठरत नाही. रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन नियम मांडले: शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, वेदना सौम्य करावी. भारतातील १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानेही शक्य तेथे प्राणिप्रयोग टाळावेत असे सांगितले. २०१४ मध्ये सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचणी करण्यास देशात बंदी झाली, आणि २०२३ मध्ये नियम सुधारून मानवी पेशींवरील व संगणकीय परीक्षांचा पुरावाही नव्या औषधांसाठी ग्राह्य धरला गेला.

परंतु याहून मूलभूत प्रश्न असा की, नवा प्रयोग करण्यापूर्वी जुन्या प्रयोगांतून काय कळले होते? एका विषयावरील सर्व प्रयोग, अनुकूल तसेच प्रतिकूल, ठरावीक नियमांनी गोळा करून त्यांचा कस पाहणे यास पद्धतशीर समीक्षा म्हणतात. मेंदूचा रक्तपुरवठा खंडित होऊन येणाऱ्या पक्षाघातावर निमोडिपिन नावाचे औषध सात हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचण्यांत योजले गेले व लाभ दिसला नाही. २००१ मध्ये डच संशोधकांनी त्याचे प्राण्यांवरील २० अभ्यास एकत्र तपासले. त्यांतील निम्मेच अनुकूल होते, बहुतेकांची रीत सदोष होती, आणि प्राण्यांवरील प्रयोग व माणसांवरील चाचण्या एकाच वेळी चालू होत्या! ज्या प्राण्यांनी आधी वाट दाखवावयाची, त्यांची साक्ष कोणी नीट ऐकलीच नव्हती. तेथे प्राण्यांचे प्राण गेले आणि रोग्यांची आशाही व्यर्थ गेली. पुढे नेदरलंड्समधील नायमेखन येथे मेरेल रिट्सकेस-होइटिंगा या पशुवैद्य विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी समीक्षा करण्याचे शिक्षण संशोधकांना दिले. २०१४ मध्ये त्या गटाने प्राणिप्रयोगांतील पक्षपात ओळखण्यासाठी दहा प्रश्नांची कसोटीही प्रसिद्ध केली.

अज्ञान दोन प्रकारचे असते. एक, जे कळण्याचा मार्गच नाही. दुसरे, मार्ग असूनही आळसाने, घाईने किंवा कीर्तीच्या लोभाने राखलेले. पहिल्यातून घडलेल्या पीडेबद्दल पश्चात्ताप असतो. दुसऱ्यातून घडलेली पीडा हा प्रमाद होय. पाणी न गाळता पिणारा 'त्यात जीव दिसला नाही' असे म्हणू लागला, तर ते कोण मानील? फडके हाताशी होते. त्याचप्रमाणे पूर्वीचे प्रयोग न वाचता नवा ससा पिंजऱ्यातून काढणाऱ्यानेही फडके हाताशी असता पाणी न गाळताच प्याले, असे म्हणावे लागेल.

मातेचे औषध टाकून देणे हा यावरील उपाय नव्हे. तिचाही जीवच आहे. परंतु ज्या घरातील मुलगा वा मुलगी औषधशास्त्र शिकत असेल, त्या घराने त्यांना एवढे अवश्य सांगावे की, शरण येण्यास ज्याला वाट नाही अशा जीवास हात लावण्यापूर्वी 'हे आधी कोणास कळले आहे काय?' असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत हात आवरावा.