माइक शिट्टी मारतो तेव्हा

सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम असतो. अध्यक्ष उठतात, माइक हातात घेतात आणि ‘हॅलो’ म्हणायच्या आत कुईंऽऽ करून शिट्टी वाजते. सगळ्यांचे हात कानांवर. साउंडवाला धावत येऊन बटण खाली करतो. खरं तर माइक बिघडलेला नसतो. स्पीकरमधून आलेला आवाज तो पुन्हा पकडतो, मग तोच आवाज आणखी मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो आणि परत माइकमध्ये शिरतो. हे चक्र थांबलं नाही की शिट्टी वाजते.

आगोस्तिनो दि शिपिओ या इटालियन संगीतकाराला ही शिट्टी बंद करावीशी वाटली नाही. त्यांचा जन्म १९६२चा, नेपल्सचा. वाद्यांसाठी लिहायचं, संगणकावर संगीत रचायचं आणि संगीत विद्यालयात शिकवायचं, असा त्यांचा प्रवास. त्यांच्या एका मालिकेतल्या २००३च्या रचनेत आधी ध्वनिमुद्रित केलेलं काहीही नाही. माइक, स्पीकर, संगणक आणि ती खोली, एवढंच सामान. शिट्टी उठू द्यायची. ती कोणत्या सुरात उठणार हे माइक कुठे ठेवलाय, खोली केवढी आहे, भिंती कशा आहेत यावर ठरतं. म्हणून तीच रचना दुसऱ्या हॉलमध्ये वेगळी ऐकू येते. पुढे त्याच मालिकेत त्यांनी खोलीतला नुसता बारीकसारीक गोंगाट हाताशी घेतला, जो आपण एरवी कानाआड करतो तोच. नंतर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनसाठीही त्यांनी याच वाटेने रचना केल्या. हे संगीत कानाला गोड लागतं असं मी म्हणणार नाही. भजनाची कॅसेट लावावी तसं ते लावून बसता येत नाही.

पण त्यातली एक गोष्ट घरी आणावी अशी आहे. शिट्टी उठू दिली तर ती कान फोडेपर्यंत वाढत का नाही? तर संगणक सतत ऐकत असतो. खोलीतला आवाज चढू लागला की तो आपल्या बाजूचा आवाज उतरवतो, आवाज विरू लागला की पुन्हा वाट मोकळी करतो. कुणाला गप्प करायचं नाही, आपलं तेवढं कमी करायचं.

आपल्या घरी सकाळी आठला काय चालतं? मिक्सर लागला म्हणून टीव्हीचा आवाज वाढतो. टीव्ही वाढला म्हणून आपण ओरडून बोलतो. आपण ओरडलो म्हणून आतून त्याहून मोठ्याने उत्तर येतं. कुणी रागावलेलं नसतं, तरी पाच मिनिटांत सगळं घर वरच्या पट्टीत. अशा वेळी ‘हळू बोला’ हेसुद्धा आपण ओरडूनच सांगतो! त्याऐवजी आज फक्त आपलं उत्तर एक पट्टी खाली आणून पाहावं. जवळ जाऊन, साध्या आवाजात. मिक्सर काही जुमानणार नाही. पण ‘माझे मोजे कुठे आहेत?’ हा प्रश्न दुसऱ्यांदा येतो, तेव्हा बहुतेक वेळा जरा हळू येतो.