परतीची बोट आधी

घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे आपल्याकडे लहानपणीच अंगवळणी पडतं. माझी आई आजही चुकून निघालेला ‘जातो’ मागे घ्यायला लावते. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघं इटलीत सोरेंतोला होतो. दुसऱ्या दिवशी समोरच्या काप्री बेटावर जाऊन यायचं ठरलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर कागद घेऊन बसलो, तर तिचा पहिला प्रश्न आला, “परतीची बोट किती वाजता रे?” कागदावर तोवर आठ ठिकाणं झाली होती. परतीची बोट त्यात नव्हती.

हा प्रश्न तिनं काळजीपोटी विचारला, पण बेटाच्या सहलीचा विचार सुरू व्हायला हवा तो नेमका तिथूनच. जमिनीवर एक बस चुकली तर दुसरी मिळते, नाहीतर रिक्षा असते, फारच झालं तर पाय असतात. बेटावरून परत यायला शेवटच्या बोटीनंतर काहीच नसतं.

सोरेंतो समुद्रकाठी असलं तरी समुद्राच्या पातळीवर नाही. गाव उंच कड्यावर आणि बंदर खाली. पियाझ्झा तास्सो या मुख्य चौकातून पायऱ्यांनी किंवा बसनं उतरावं लागतं. हा चौक 1544 साली इथंच जन्मलेल्या तोर्क्वातो तास्सो या कवीच्या नावाचा. नावांचा एक घोळ आधीच समजून घेतलेला बरा. सोरेंतोतून बोटी सुटतात त्या मरीना पिक्कोला, म्हणजे धाकट्या बंदरातून. तिथलं मरीना ग्रान्दे म्हणजे जुना कोळीवाडा. काप्रीत बरोबर उलटं. तिथं बोट लागते ती मरीना ग्रान्देला, आणि मरीना पिक्कोला म्हणजे दक्षिणेकडचा पोहण्याचा किनारा. संध्याकाळी घाईत कुणाला रस्ता विचारताना यातलं एक नाव चुकलं, तर बेटाच्या दुसऱ्या अंगाला पोचायला होतं.

मधलं पाणी जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचं. अलिस्काफो नावाची वेगवान बोट आणि मोठी फेरीबोट, असे दोन प्रकार. वारा वाढला की आधी अलिस्काफो बंद होते. फेरीबोट जड असल्यानं जरा जास्त तग धरते. म्हणून परतीसाठी एक नव्हे, दोन बोटींच्या वेळा लिहून ठेवायच्या: एक आपली, आणि तिच्या नंतरची एक.

मग आईनं पेन्सिल हातात घेतली. तिचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे दुखरे. एकेका नावावर बोट ठेवून ती एवढंच विचारत होती, “इथं पायऱ्या किती?”

काप्री नकाशावर लहान दिसतं, सगळं मिळून साडेदहा चौरस किलोमीटरसुद्धा नाही. पण ते बेट आडवं कमी आणि उभं जास्त. बंदरातून वरच्या काप्री गावात नेणारी दोरखंडाची रेल्वे 1907 पासून आहे. त्याहून उंचावरच्या आनाकाप्री गावाला 1870 च्या दशकात गाडीरस्ता झाला. तोपर्यंत बंदरातून वर जायची वाट म्हणजे कड्यात खोदलेल्या 921 पायऱ्या. सगळी ओझी माणसांनी याच वाटेनं वाहिली. आईनं तो आकडा ऐकला आणि काही न बोलता त्यावर रेघ मारली.

पुढची रेघ निळ्या गुहेवर पडली तेव्हा मला वाईट वाटलं, हे खरं. या ग्रोत्ता अझ्झुर्राचं तोंड पाण्यावर मीटरभर उंच. लहान होडीत सगळ्यांनी आडवं व्हायचं आणि नावाड्यानं साखळीला धरून होडी आत ओढून घ्यायची. आतला उजेड मुख्यतः पाण्याखालच्या मोठ्या भगदाडातून येतो. वाटेत पाणी त्यातला तांबडा रंग शोषून घेतं आणि निळाई तेवढी उरते. 1826 साली आउगुस्त कोपिश हा जर्मन माणूस स्थानिक कोळ्याला घेऊन आत पोहत गेला, आणि तेव्हापासून ही गुहा जगभर प्रसिद्ध झाली. पण हलत्या पाण्यात मोठ्या बोटीतून छोट्या होडीत उतरणं आईला जमणारं नव्हतं. शिवाय समुद्र जरा उसळला की गुहा बंदच असते. तिच्याभोवती दिवस बांधला आणि ती बंद निघाली, तर सगळा दिवस पडतो.

विला जोविस मीच खोडलं. पूर्वेच्या टोकावरचा तो रोमन सम्राट तिबेरियसचा वाडा. तिथवर पाऊण तासाचा चढ आहे. आयुष्याची शेवटची दहा वर्षं तिबेरियसनं या बेटावरून साम्राज्य चालवलं. इसवी सन 37 च्या मार्चमध्ये तो मुख्य भूमीवर आजारी पडला. सुएतोनियस हा रोमन चरित्रकार सांगतो, की काहीही करून काप्रीला परतायचं असं त्यानं ठरवलं होतं, पण वादळी हवेनं आणि वाढत्या दुखण्यानं त्याला अडवलं, आणि समोरच्या मिसेनुमलाच तो वारला. रोमचं सगळं आरमार ज्याच्या शब्दावर हलायचं, त्यालाही समुद्र ओलांडता आला नाही. ही हकिगत मी आईला सांगितली. ती म्हणाली, “म्हणून तर विचारते, बोट किती वाजता.”

कागदावर उरली दोन नावं, दोन्ही आनाकाप्रीतली.

पहिलं सान मिकेले चर्च. त्याची जमीन म्हणजे 1761 सालचं एकच मोठं चित्र, रंगवलेल्या चिनी मातीच्या फरश्यांचं. देवदूत आदम आणि हव्वेला स्वर्गातून हाकलतोय आणि भोवती पशुपक्षी. त्यावर पाय द्यायचा नाही. कडेनं टाकलेल्या लाकडी फळ्यांवरून फिरायचं. सबंध चित्र दिसावं म्हणून लोक अरुंद गोल जिन्यानं वर जातात. मीही गेलो. वरून पाहिलं तर आई खाली फळीच्या कडेशी वाकून उभी. मला सगळं चित्र दिसत होतं. तिला फरशी-फरशीमधल्या बारीक फटी आणि ब्रशचे फटकारे दिसत होते. खाली आल्यावर तिनं मला एकशिंगी घोडा दाखवला. वरून तो माझ्या नजरेतून निसटला होता.

दुसरं मोंते सोलारो, बेटाचं सर्वांत उंच टोक, 589 मीटर. तिथं तारेवरच्या पाळण्यात बसून जाता येतं, एवढं कळताच “मग हे ठेव” असं ती आदल्या रात्रीच म्हणाली होती. पण त्या पाळण्यात एका वेळी एकच माणूस बसतो, हे तिथं गेल्यावर कळलं. पाळणा थांबत नाही. मागून येतो, गुडघ्याच्या मागे टेकतो आणि उचलून नेतो. तिथल्या माणसानं तिचा हात धरून बसवलं, आडवी दांडी लावली, आणि ती पुढे निघाली. मी मागच्या पाळण्यात. साधारण तेरा मिनिटं तिची पाठ, खोचलेला पदर आणि खाली लोंबणारे कॅनव्हासचे बूट मला दिसत होते. खालून बागा आणि द्राक्षांचे वेल सरकत होते. आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या सोबतीनं चाललेली बाई हवेत एकटी बसून डोंगर चढत होती. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

वर आम्ही दीड तास बसलो. खाली समुद्रात फाराल्योनीचे सुळके, पलीकडे व्हेसुव्हियस ज्वालामुखी. राजगिऱ्याची चिक्की खाल्ली. सहा ठिकाणं खोडली होती म्हणून तो दीड तास मिळाला.

पाचच्या बोटीसाठी आम्ही चारलाच धक्क्यावर होतो. वारा सुटला होता आणि अलिस्काफो रद्द झाल्याची पाटी लागली होती. कागदावरची दुसरी वेळ फेरीबोटीची होती, ती आली. बोटीत चढताना आईनं बेटाकडे बघून हलकेच “येते हं” म्हटलं.

काप्रीला किंवा कुठल्याही बेटावर दिवसाभरासाठी जाणार असाल, तर जायच्या तिकिटाआधी परतीच्या दोन वेळा लिहून घ्या. आणि बरोबर कुणाचे गुडघे दुखत असतील, तर पेन्सिल आधी त्यांच्या हातात द्या.